जेवना पाय

१

मोहिनीच्या पाय दाबायच्या केंद्राला बाहेरून कडी घातलेली होती, आणि मोहिनी आत होती. कडी घातली होती धर्मेंद्रने. तो पायरीवर उभा राहून ओरडत होता आणि अर्धं केळवाडे गाव समोरच्या रस्त्यावर जमलं होतं. दोघा-तिघांच्या हातात दगडही दिसले.

मी या गावचा पोलीस पाटील, हेमकांत. नावात पोलीस असला तरी माझ्या अंगात पोलीस औषधालाही नाही. मी जन्माचा काळजीखोर. रस्त्यावर चार माणसं एकत्र दिसली की मी वाट बदलतो, आणि इथे तर जत्रा भरली होती.

"धर्मा, पहिले कडी काढ," मी म्हणालो.

"कडी निंघनार नही, काका! मन्ही मायना जेवना पाय देखा का तुम्ही? दवाखानामा पडेल शे ती. डॉक्टर म्हनस, पाय वाचाडाना शे. आनी हाई बाई गावले जाईसन आज मजामा परत उनी!"

जेवना पाय म्हणजे उजवा. ज्या हाताने जेवायचं तो हात जेवना, आणि त्या बाजूचं सगळंच जेवनं: पाय, कान, बैलसुद्धा. आमच्याकडे शेंबडं पोरही हे जाणतं.

धर्मेंद्रने मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. त्याच्या आईचा, जसोदाकाकींचा, उजवा तळवा होता तो. आधी मला नीट बघवेना. टाचेवर, मधल्या खळग्यात आणि बोटांखाली टपोरे फोड आले होते. पण फोड कसेही उठलेले नव्हते. ठिपके ठेवून रांगोळी काढावी तसे ते जागा धरून उठले होते.

"आते आठे देखा," धर्मेंद्र म्हणाला, आणि मोबाईल खिडकीच्या काचेला लावला.

काचेच्या आत, मोहिनीच्या भिंतीवर, दोन तळव्यांचं मोठं रंगीत चित्र टांगलेलं आहे. कुठल्या ठिकाणी दाबलं की शरीराच्या कुठल्या भागाला आराम पडतो, ते त्यावर ठिपक्यांनी दाखवलंय. मी फोटो बघितला, चित्र बघितलं, पुन्हा फोटो बघितला. ठिपक्याला ठिपका जुळत होता.

मागची माणसं काचेवर वाकली.  काकींची काळजी होतीच, पण खोटं कशाला बोलू, स्वतःचीही वाटली. कारण दर आठवड्याला त्याच खोलीत, त्याच बाईच्या हातात मी माझे दोन्ही पाय देत होतो.

२

"पोलीस पाटील शेत तुम्ही, म्हनीसन सांजलोंग थांबस," धर्मेंद्रने मला बजावलं. "मंग शहादाले जाईसन तक्रार देस, आनी हाई दुकान आठे ऱ्हात नही."

मी कडी काढून आत गेलो आणि दार लावून घेतलं. मोहिनी त्याच खुर्चीत बसली होती, जिथे ती आम्हाला बसवते. तिचे ओठ पांढरे पडले होते. ती संगमनेरकडची. नवरा शहाद्याच्या बँकेत, आणि ही सुरतेला जाऊन पाय दाबण्याची विद्या शिकून आलेली. तिला येऊन वर्ष होत आलं, पण गावाला ती अजून पाहुणीच वाटते.

"पाटीलकाका, मी नाही केलं हो हे," ती म्हणाली.

"मग सगळं सांग. पहिल्यापासून."

"जसोदाकाकींना साखरेचा आजार आहे. पायांची आग व्हायची, झोप यायची नाही. मी पहिल्याच दिवशी त्यांना सांगितलं, साखर काही माझ्या हाताने उतरणार नाही, गोळ्या चालूच ठेवा. मी कुणाचा आजार बरा करत नाही, काका. अंग सैल होतं, मन थाऱ्यावर येतं, झोप लागते. एवढंच मी सांगते, आणि एवढं होतं."

ते खरं होतं. मी तिच्याकडे पहिल्यांदा आलो तो बायकोने हाकललं म्हणून. फुलवंताबाई म्हणाली होती, "रातभर कूस बदलतस आनी माले बी जपू देतस नही. जा एकदाव!" जपणं म्हणजे आमच्याकडे झोपणं. मोहिनीने कोमट पाण्यात माझे पाय भिजवले, पुसले, आणि अंगठ्याने तळव्यावर हळूहळू चालायला लागली. मी मनात उद्याच्या काळज्यांची उजळणी करत होतो. टाचेपर्यंत येईस्तोवर कुठली काळजी कुठे राहिली तेच विसरलो. घोरायला लागलो म्हणे. त्या दिवसापासून मला झोप लागते. मोहिनी गुन्हेगार निघाली तर ती झोपही जाणार, हा विचार आला आणि माझीच मला लाज वाटली.

"धर्मा म्हणतो, तू ती ठिपके दाबायची लाकडी काडी तापवून चटके दिलेस."

"साखरेच्या पायाला मी काडी लावतच नाही. नुसता अंगठा, तोही फुलासारखा. त्या पायाला कळत नाही ना, म्हणून आपल्याला जपावं लागतं." ती उठली, काडी आणून माझ्या हातात दिली. टोक गुळगुळीत होतं, कुठे जळाल्याची खूण नव्हती. "आणि मी कधी एकच पाय करून कुणाला उठवलंय का? दोन्ही पाय झाल्याशिवाय माणूस सैलच पडत नाही."

हे मला पटलं. त्रासच द्यायचा तर तो एका पायाला का? हा प्रश्न मी मनात धरून ठेवला.

"शेवटचं कधी आल्या होत्या काकी?"

"सोमवारी. मंगळवारी मी माहेरी गेले, आईला बरं नव्हतं. जाताना त्यांच्या सुनेला, मयूरीताईंना, मोबाईलवर बोलून निरोप पाठवला की मी नाही तोवर घरी पाय कसे चोळायचे. गुरुवारी फोड दिसले, आज शुक्रवारी मी आले, आणि..." तिने दाराकडे पाहिलं.

"या ठिपक्यांच्या जागा गावात आणखी कुणाला माहीत आहेत?"

तिने बोटांवर मोजून पाहिलं. दाराबाहेर एक बाक आहे, जिथे आपली पाळी येईपर्यंत माणसं आणि त्यांच्यासोबत आलेले नातेवाईक बसतात. एरवी दार उघडं असतं, आणि तिथून ते चित्र सरळ दिसतं.

"नीट माहीत असलेली मी एकटीच," ती शेवटी म्हणाली, आणि रडायला लागली.

३

शहाद्याच्या दवाखान्यात काकी खाटेवर पडल्या होत्या. उजवा पाय उशीवर ठेवलेला. शेजारी त्यांचे यजमान, चुनीलालआबा. आबा म्हणजे गावातला ताठ कण्याचा माणूस. तापीकाठच्या केळीच्या बागा त्यांच्या नजरेखाली वाढल्या, पण आज ते एकदम म्हातारे दिसत होते. डाव्या हाताने बशी धरून ते काकींना चहा पाजत होते. उजव्या मुठीत पंच्याचं टोक गच्च आवळलेलं.

"बठ, हेमकांत," ते म्हणाले. 

"काकी, हाई कसं झायं?" मी विचारलं.

"माले काय समजस, भाऊ? पायमाईन चप्पल निंघी जास तरी माले ठाऊक पडत नही."

"मोहिनीशिवाय कोन्ही पायले हात लावा व्हता का?"

काकींनी भिंतीकडे तोंड केलं. "कोन लावी?" असं पुटपुटल्या, आणि घोट्याच्या वर कराकरा खाजवायला लागल्या. आबांनी बशी खाली ठेवली. 

डॉक्टरांनी मला बाहेर व्हरांड्यात नेलं. "पाटील, मला हे कोडं सुटत नाहीये. घरचे सांगतात भाजलं. पण भाजलेलं जिथे भाजतं तिथेच राहतं. हे काल तळव्यावर होतं, आज घोट्यावर चढलंय. वर सुनेने टूथपेस्ट थापलीय, तो पांढरा थर कातडीला धरून बसलाय."

"आणि पाय?"

"साखरेचा पाय आहे. खोलवर गेलं तर आज बोटं, उद्या पाऊल. थर घासून काढायचा की हात लावायचा नाही, हे खाली काय आहे त्यावर ठरेल. मला फक्त एवढं कळू द्या, या पायाला झालं काय?"

मी पुन्हा आत गेलो. मन घट्ट केलं आणि पायाजवळ वाकलो. फोडाच्या मधोमध, पांढऱ्या थराच्या कडेने, काळपट टिकली दिसत होती. दुसऱ्या फोडातही तीच. भोवती लाल पुरळ, आणि ते वर चढत गेलेलं.

हे मी लहानपणी स्वतःच्या टाचेवर पाहिलं होतं. बाभळीचा काटा मोडला होता आणि आजोबांनी सुईच्या टोकावर एक काळं फळ धरून दिव्यावर तापवलं होतं. त्याचं तेल टाचेवर टिपलं, आणि पुढे आठवडाभर मी रात्रंदिवस खाजवत रडत होतो.

"डॉक्टर," मी म्हणालो, "हे भाजलेलं नाही. हा बिब्बा उतलाय."

४

बिब्बा हा शब्द माझ्या तोंडून निघाला आणि माझ्याआधी गावात पोचला. मी परत आलो तेव्हा गर्दी मोहिनीचं दार सोडून मोतीलालच्या दारात उभी होती.

मोतीलाल गावातला जुना मालिशवाला. मुरगळलं, लचकलं, कंबर धरली की लोक त्याच्याकडे जायचे. मोहिनी आल्यापासून त्याच्याकडची वर्दळ कमी झाली होती, आणि बिब्ब्याचे डाग देण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. मोहिनीच्या संसारात बिब्बा घालायला दुसरं कोण येणार, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. खरं सांगायचं तर मीही ठरवलं होतं. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि मग त्या सुटल्यासारखं वाटण्याचीच धास्ती वाटायला लागली. गावाला एक बळी हवा होता; नाव बदललं तरी चालत होतं.

मोतीलाल ओट्यावर बसून सुपारी कातरत होता. माझ्यापेक्षा तोच शांत होता.

"बिब्बा मी लावस, हाई खरं," तो म्हणाला. "पन कोनले? गडीमानूसले आनी बैलले. बायास्ना पायले मी हात लावत नही. आनी मी दुखस तठे लावस, भाऊ, चित्र देखीसन नही."

"चित्र पाहिलंयस तू?"

"मी तिना दारमा कसाले जाऊ?" तो फणकारला. मग त्याने दोन्ही पंजे माझ्यापुढे पसरले. "आनी हाई देख. पहिले हातले तेल, मंग बिब्बा. तेल नही लावं ते लावनाराले बी उतस."

त्याचे पंजे तेलकट आणि नितळ होते. मी उगाच माझेही बघितले.

म्हणजे ज्याने हे केलं तो नवशिका होता, आणि त्याच्या बोटांवर ती खूण असणार. मी सरळ धर्मेंद्रच्या घरी गेलो. मयूरी केळीच्या पानावर पापड वाळत घालत होती. मी तिचे हात बघतोय हे तिच्या लक्षात आलं आणि तिचा चेहरा उतरला. हात स्वच्छ होते.

"मन्हंच चुकनं, काका," ती म्हणाली.

"काय चुकलं?"

"मोहिनीताईना निरोप उना व्हता. मी मोबाईल ओटावर ठेईसन मोठा आवाजमा लावा, भाकरी करता करता. आयका आनी कामना नादमा इसरी गयी. मायना पाय मी चोळाच नही. मी चोळतू ते माय आशी..." 

"तो निरोप आहे अजून?"

तिने लावला. मोहिनीचा स्वच्छ, शाळेतल्या बाईंसारखा आवाज आला: "मयूरीताई, जेवणाआधी पाय चोळा. अगदी हलक्या हातानं. त्या ठिपक्यांवर थोडं थांबा, घाई नको."

मी तो निरोप पुन्हा ऐकला. मग तिसऱ्यांदा. 

"मयूरी, निरोप लावला तेव्हा घरात कोण कोण होतं?"

"पोऱ्याना पप्पा शहादाले व्हतात. माय आतमा पडेल व्हती," ती म्हणाली. "आनी आबा झोकावर बठेल व्हतात."

५

ऊन उतरायला लागलं होतं. धर्मेंद्रने दिलेली सांज जवळ येत होती. मी मोहिनीला गाडीत घेतलं, मयूरीला घेतलं, आणि दवाखाना गाठला. वाटेत माझ्या मनात एकच चालू होतं: मी चुकीचा ठरलो तर गावात तोंड दाखवायची सोय राहणार नाही, आणि बरोबर ठरलो तर त्याहून वाईट.

व्हरांड्यात धर्मेंद्र उभा होता. मोहिनीला पाहून त्याच्या कपाळाची शीर उठली. आबा बाकावर बसले होते, मूठ पंच्यात. मी मुद्दाम त्यांच्याशेजारी बसलो.

"आबा, एक शंका शे," मी सहज विचारल्यासारखं केलं. "मोहिनीने निरोपमा सांगं व्हतं, आधी डावा पाय चोळाना. बरोबर ना?"

"डावा नही रे," आबा म्हणाले. "जेवना आधी. मंग डावा."

मोहिनी चमकली. "मी डाव्या-उजव्याचं काहीच बोलले नव्हते! मी म्हटलं, जेवणाआधी. म्हणजे भरल्या पोटी चोळू नका."

"तू तेच म्हणालीस," मी तिला सांगितलं. "पण आमच्या जिभेला तुमचा 'ण' जड जातो, आणि कानालाही. जेवायच्या आधी असं आम्हाला म्हणायचं असतं तर आम्ही 'जेवनना आधी' म्हणतो. नुसतं 'जेवना आधी' ऐकलं की आमच्या माणसाला एकच अर्थ लागतो: उजवा पहिल्यांदा. मयूरी बारावी शिकली, तिला तुझं बोलणं कळलं. झोक्यावर बसलेल्या माणसाने मात्र आपल्या भाषेत ऐकलं. म्हणून एकच पाय, आणि म्हणून उजवा. डाव्याची पाळी दुसऱ्या दिवशी होती."

 मी पुढे बोलत राहिलो, कारण थांबलो असतो तर मला पुन्हा सुरू करता आलं नसतं. "ठिपक्यांच्या जागा मोहिनीशिवाय कुणाला ठाऊक? दर वेळी काकींना घेऊन येऊन बाकावर बसणाऱ्याला. तासभर त्याच्यासमोर दुसरं काही नसतं, ते चित्रच असतं. आबा, मूठ उघडा."

आबांनी पंचा सोडला. उजव्या हाताची तीन बोटं फोडांनी टरारली होती.

"आबा?" धर्मेंद्रचा आवाज चिरकला. "तुम्ही? मायना... पायले?"

त्याच्या तोंडून 'पाय' हा शब्द कसा निघाला, ते ज्याने ऐकलं त्यालाच आबांचं मौन कळेल. आमच्यात बाई नवऱ्याच्या पाया पडते. नवऱ्याने बायकोच्या पायाला हात लावला तर पाप तिला लागतं आणि हसं त्याचं होतं. बायकोच्या पायाशी बसणारा, ही आमच्याकडची शिवी आहे. चोरी केली असती तर आबांनी ती लवकर कबूल केली असती.

"हा," आबा जमिनीकडे बघत म्हणाले. "मी तिना पाय धरात. ती रडी ऱ्हायनी व्हती, धर्मा. पायनी आग आग व्हये, आनी मोहिनी गावले गयेल. मी दार लाई लिन्हं. पहिले नुसता चोळा. मन्हा हात कापतस, जोर नही. तरी तिले झोप लागी गयी, हेमकांत! मन्हा हातखाल!" त्यांचा चेहरा क्षणभर उजळला आणि लगेच विझला. "मंग माले हाव सुटनी. म्हटं, बिब्बा दुखनं ओढी लेस. चित्रमा ज्या ठिपका शेत तठे लाई देऊ, कायमनं मिटी जाई."

"बिब्ब्यावर आणखी काय लावलं, आबा?" माझा जीव त्या एका प्रश्नात अडकला होता. "तो पांढरा थर नुसत्या टूथपेस्टचा आहे का?"

"चादरले बिब्बाना डाग पडतीन, मयूरी इचारी, म्हनीसन वरथीन चुना लाया. तमाखूना डबीमधला."

चुना! मी ओरडतच डॉक्टरांच्या खोलीकडे धावलो. डॉक्टरांनी ऐकलं, "अहो, तो आत खातोय तिला," एवढंच म्हणाले आणि नर्सला हाक मारत आत पळाले. दार बंद झालं. आतून पाणी ओतल्याचा आवाज येत राहिला.

मोहिनी आबांसमोर उभी राहिली. मला वाटलं ती त्यांना धीर देईल. तिने तसं काही केलं नाही, आणि का करावं?

"आबा, मला आत कोंडलं होतं," ती म्हणाली.  "लोकांच्या हातात दगड होते. तुम्हाला ठाऊक होतं, आणि तुम्ही इथे चहा पाजत बसलात."

 धर्मेंद्रने मान खाली घातली. कडी त्याने घातली होती.

६

पाय वाचला. डॉक्टरांनी ते सांगितलं तेव्हा मी त्यांना पुन्हा विचारलं, खात्रीने ना? ते हसले. करंगळीचं कातडं यायला वेळ लागणार होता, बाकी पाऊल शाबूत होतं. त्या दिवशी मी घरी जाऊन भरपूर जेवलो, आणि फुलवंताबाईला नवल वाटलं.

दुसऱ्या सकाळी धर्मेंद्रने सगळ्या गावादेखत मोहिनीची माफी मागितली. तिने ऐकून घेतलं आणि केंद्र उघडलं. "बरं" एवढंच म्हणाली. राग एका सकाळीत जातो थोडाच? पण काकींना बघायला ती दवाखान्यात आली. त्या वेळी खोलीत मी, आबा, धर्मेंद्र, मयूरी, शिवाय गावातल्या चार-पाच बायका, आणि दारातून डोकावणारे शेजारच्या खोलीतले लोक होते. आबांनी काय केलं ते एव्हाना तालुक्याला ठाऊक झालं होतं. बायका पदराआडून एकमेकींकडे बघत होत्या. आबा कोपऱ्यात अंग चोरून उभे होते.

"काकी, तुम्हाला कळलं होतं ना, आबांनी पाय चोळले ते?" मोहिनीने सरळच विचारलं. "मग तुम्ही तरी का नाही सांगितलं?"

"बिब्बानं माले काई ठाऊक नव्हतं, बाई. मी जपी गयेल व्हतू. पन पाय धरात तव्हय जागी व्हतू." काकी थांबल्या. "कशी सांगू? पाप मन्हा डोकावर, हासं यास्ना डोकावर. तुन्हावर नाव उनं, तव्हय बी मन्ही जीभ उचलनी नही. माले माफ कर."

 मोहिनीने बाह्या वर सारल्या, हात धुतले, पुसले. "झोप येते का रात्री?"

"नही येस."

"डॉक्टरांना विचारलंय मी. चांगल्या पायाला हलका हात चालेल." ती खाटेच्या पायथ्याशी आली आणि डाव्या पायावरची चादर बाजूला केली. काकींनी पाय मागे ओढला.

"तू नको, बाई," त्या म्हणाल्या. "यास्ले दखाड. कशा धराना, किती दाबाना. तू रोज कोठे पुरशी?"

खोलीतल्या सगळ्या माना आबांकडे वळल्या. एक बाई फिस्सकन हसली. आबांचे कान लाल झाले. त्यांच्या उजव्या हाताला पट्टी होती, डावा त्यांनी पाठीमागे नेला. धर्मेंद्र उठला आणि दाराकडे गेला. बापाची लाज राखायला तो दुसरं काय करणार होता?

"दार लाई लेस, माय," तो म्हणाला.

"ऱ्हाऊ दे उघडं," काकी म्हणाल्या, आणि डावा पाय पुढे केला.

आबा जागचे हलले नाहीत. मला वाटलं, आता हे बाहेर निघून जातील, आणि मग ही बाई जन्मभर जागी राहील. मोहिनीने स्टूल ओढून खाटेशी ठेवलं. "या, आबा," ती म्हणाली. "आधी नुसता हात ठेवा."

आबा आले. स्टुलावर बसले, सुनेसमोर, लेकासमोर, गावासमोर. डाव्या हाताने त्यांनी तो पाय मांडीवर घेतला. मोहिनीने त्यांचा अंगठा धरून तळव्याच्या खळग्यात ठेवला आणि आपला हात काढून घेतला.

काकींनी डोळे मिटले. हसणारी बाई गप्प झाली. थोड्या वेळाने लोक आपापल्या कामाला निघून गेले, आणि दार उघडंच राहिलं.